जालन्याची पोळी

नवीन जालन्यात नवीन असे फारसे काही नाही, हे तिथे उतरल्यावर पहिल्या घटकेतच ध्यानात येते. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवीन जालना, अशी या गावाची वाटणी आहे. मोठ्या उत्सुकतेने नदी ओलांडून ‘नव्या’त शिरावे, तो तिथेही अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी असलेली दुकाने आणि वर जुन्या माड्या. इथल्या एका भागाला कादराबाद हे मोगलाईच्या वळणाचे नाव अजून चिकटून आहे. “मग नवे ते काय?” असे मी आमच्या जावईबापूंना विचारले. ते म्हणाले, “जुन्यापेक्षा नवे, एवढेच.” उत्तर मला आवडले. आमच्या पुण्यातली नवी पेठही याच हिशेबाने नवी आहे.

आम्ही उभयता गेलो होतो ते लेकीकडे, श्रावणातल्या अमावास्येला, पोळ्याच्या सणासाठी. लग्नाला दीड वर्ष झाले होते आणि विहीणबाईंची चार आमंत्रणे आम्ही काही ना काही कारणाने चुकवली होती. या खेपेला त्यांनी स्वतः फोन केला. आमच्या हिच्याशी त्यांचे जे बोलणे झाले ते शेजारी बसून मी ऐकले होते, आणि त्यात मला वावगे असे काहीही वाटले नव्हते. तेच बोलणे पुढे आम्हाला नडले, म्हणून ते इथे जसेच्या तसे देतो.

विहीणबाई म्हणाल्या, “पोळ्याला याच. मी पोळ्या करते.”

ही म्हणाली, “छे हो, पोळ्या कशाला? पोळ्या काय, आम्ही रोजच खातो. तुमच्याकडची भाकरी करा. तीच आम्हाला अपूर्वाईची.”

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग “बरं,” एवढेच आले आणि फोन ठेवला गेला.

पुण्याहून जालना एस.टी.ने म्हणजे दिवस खाणारा प्रवास. नगर मागे पडले, छत्रपती संभाजीनगर मागे पडले, आणि तिथून पुढे तासा-दीड तासाने मोसंबीच्या बागा दिसू लागल्या की जालना आले म्हणून समजावे. या मोसंबीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गंमत अशी की, जालन्याचे भूषण असलेल्या या फळाचे नाव आले आहे आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून. शब्दांनाही पाय असतात, ते असे. ते निघतात एका मुलखातून आणि बिऱ्हाड करतात दुसऱ्याच मुलखात.

‘जालना सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. तो पाळणा हलतो तो व्यापाराने. इथे धान्याच्या बाजाराला ‘मोंढा’ म्हणतात. आमचे व्याही एका आडतीवर हयातभर हिशेब लिहीत होते. पोलादाचे कारखाने आहेत, आणि बियाण्यांचा धंदा तर देशभर नाव काढलेला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली याच गावात बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे अन्नाच्या बाबतीत जालन्याला शिकवायला आपण जाऊ नये. आम्ही, नकळत का होईना, तेच केले होते.

सणाच्या दिवशी सकाळी बाजारात हातगाड्यांवर मातीचे बैल मांडलेले होते. पोपटी झुलीचे, सोनेरी शिंगांचे, जोडीने विकायचे. गावात ज्यांच्या दारी आता बैल उरला नाही, त्यांनी पुजायचा तो हा. आमच्या व्याह्यांची थोडी शेती जवळच्या खेड्यावर आहे, तिथली बैलजोडी चार वर्षांपूर्वी विकली. तेव्हापासून त्यांच्याकडेही मातीचीच जोडी येते. ती घेताना मात्र त्यांनी खऱ्या बैलाची पाहावी तशी पारख केली. एका बैलाचे वशिंड बारीक म्हणून परत ठेवला.

दुपारी पाने मांडली. घरभर वेलदोडा आणि गूळ यांचा वास कोंदला होता. मातीच्या बैलांपुढे नैवेद्याचे केळीचे पान होते, त्यावर काय होते ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हते. आमच्या ताटांत मात्र ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, दही. भाकरी अप्रतिम होती. पातळ, पदर सुटलेली आणि हाताच्या थापांची बोटे उमटलेली. विहीणबाई स्वतः वाढत होत्या, आग्रह करत होत्या. पण त्यांचा आग्रह अगदी मोजका होता. लग्नात त्यांचे बोलणे कसे धो धो वाहत होते ते मला आठवत होते.

इतक्यात जावईबापूंचा पाच-सहा वर्षांचा पुतण्या स्वयंपाकघरातून बाहेर आला. हातात तुपाने माखलेली पुरणपोळी. आमच्या ताटांकडे बघून त्याने खड्या आवाजात विचारले, “आजी, पाहुण्याला पोळी कामून नाही?”

“त्यांच्याकडं रोज असते रे बाबा,” विहीणबाई म्हणाल्या. “आपली त्यांना काय गोड लागायची!”

आमची मुलगी तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. ती तिथेच थबकली. तिच्या चेहऱ्यावरून मला सगळा उलगडा झाला, आणि घास तोंडातच राहिला.

वाचकहो, या घरात रोजच्या गव्हाच्या पोळीला ‘चपाती’ म्हणतात. नुसते ‘पोळी’ म्हटले की ती पुरणाचीच. दुसरी पोळी नाही. आणि ‘भाकर’ म्हणजे नुसती भाकरी नव्हे, सगळे जेवणच. “भाकर खाल्ली का?” असे विचारले तर ताटात भात असला तरी “खाल्ली” म्हणायचे. तेव्हा फोनवर विहीणबाईंनी दिले होते ते सणाचे, पुरणावरणाचे आमंत्रण. आणि आमच्या हिने त्यांना ऐकवले होते की पुरणपोळ्या काय, पुण्याला आम्ही रोज उठून खातो!

बरे, हिला तरी कसे कळावे? आमच्याकडे पुरणाची असली तर ‘पुरणपोळी’ असे पुरे नाव घ्यायचे. पण खरे कारण आणखी मागे होते. लग्नाच्या पंगतीत विहीणबाईंनी हिला विचारले होते, “चपाती वाढू का?” तेव्हा ही हसत हसत म्हणाली होती, “आमच्यात चपाती नाही हो म्हणत. पोळी म्हणतात.” हसत म्हणाली हे खरे, पण मांडवात चारजणांदेखत म्हणाली, हेही खरे. त्यामुळे फोनवर ‘पोळ्या करते’ ऐकल्यावर हिला वाटले, विहीणबाई आपला मान राखायला आपला शब्द वापरताहेत, भाकरी न खाणाऱ्या पुणेकरांसाठी बिचाऱ्या मुद्दाम गव्हाच्या घडीच्या पोळ्या लाटणार. म्हणून हिने त्यांचे कष्ट वाचवले!

आपल्या शहरांत ‘पोळी’ आणि ‘चपाती’ या दोन शब्दांवरून समोरच्याची आळी, कूळ आणि जात ओळखण्याची एक खोड आहे. आपण ती चारचौघांत कबूल करत नाही. मीही करत नव्हतो. नागपूरकडे बहुतेक घरांत पोळीच म्हणतात, तिथे हा खेळ चालत नाही. पुण्या-मुंबईत मात्र एका घासात माणसाची पारख होते. त्या दिवशी आमची पारख झाली.

मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तो हिने माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. आणि जे बोलली, ते आमच्या घरात गेली दोन वर्षे कुलूपबंद होते.

“विहीणबाई,” ही म्हणाली, “मी अंडे खाल्ले आहे.”

ही अंड्याच्या वासालाही उभी राहत नाही, हे जालन्याला चांगले ठाऊक होते. लग्नात केकसुद्धा आम्ही बिनअंड्याचा करवून घेतला होता. विहीणबाईंच्या हातातले दह्याचे भांडे तसेच राहिले.

मग हिने सगळी कथा सांगितली. आमचा मुलगा माद्रिदला नोकरीला असतो. आम्ही दोन महिने त्याच्याकडे राहिलो होतो. एके दिवशी तो कचेरीत गेला असताना आम्ही दोघे फिरता फिरता एका छोट्या उपाहारगृहात शिरलो. फळ्यावर ओळखीचा एकच शब्द दिसला: ‘टॉर्टिला’. पुण्यातल्या हॉटेलांत मेक्सिकन म्हणून मिळते ती पातळ पोळी, तिच्यात राजमा आणि कोबी गुंडाळून देतात, ती मी खाल्लेली होती. मी ऐटीत दोन बोटे दाखवून दोन मागवल्या. आले काय, तर जाड, पिवळ्याधमक वड्यांचे दोन त्रिकोण आणि पावाचे तुकडे. मी म्हटले, ही या लोकांची बटाट्याची पोळी असेल. हिने खाल्ली. चांगली लागली. सगळी खाल्ली. संध्याकाळी मुलाला कौतुकाने सांगितले तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “आई, त्यात निम्मी अंडीच असतात.”

“दोन दिवस मी नुसत्या दुधावर राहिले,” ही म्हणाली. “आणि यांना शपथ घातली, कुणाला सांगायचे नाही. का, तर एक शब्द कळला नाही. आणि तुमच्याशी मी पुन्हा तेच केले.”

घरात कुणी हलले नाही. विहीणबाई काही वेळ हिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दह्याचे भांडे खाली ठेवले आणि म्हणाल्या, “म्हणजे अंड्याची पोळीच की ती!”

मी थक्क झालो. स्पेनमध्ये दोन महिने राहून मला जे सुचले नव्हते, ते या बाईने एका वाक्यात सांगितले. आपल्या मराठीतही ऑम्लेटला अंड्याची पोळी म्हणतातच. तव्यावर पसरले, गोल झाले, उलथले, की ती पोळी; मग आत अंडे असो की पुरण.

इथे जरा वाचकांची रजा घेऊन मी मुलाकडून नंतर कळलेली हकिगत सांगतो. तिकडे त्या शब्दाचा उच्चार ‘तोर्तिया’ असा करतात. ‘तोर्ता’ म्हणजे गोल, चपटा भाजलेला पदार्थ, आणि ‘तोर्तिया’ म्हणजे लहान तोर्ता. आपल्याकडे गाड्याची गाडी आणि लोट्याची लोटी होते तशी. १५१९ साली एर्नान कोर्तेस आपले सैनिक घेऊन मेक्सिकोत उतरला. तिथले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, पाट्यावर वाटून, त्याची पातळ भाकरी थापत आणि मातीच्या तव्यावर भाजत. त्यांच्या नाव्हाट्ल भाषेत तिला ‘त्लाश्काल्ली’ म्हणत. स्पॅनिश शिपायांच्या जिभेला ते कुठले वळायला! त्यांनी आपल्या घरातला शब्द काढला आणि त्या भाकरीला चिकटवून दिला. तेव्हापासून एका शब्दाची दोन घरे झाली. मेक्सिकोत तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी, उत्तरेकडे गव्हाचीही. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंड्याची पोळी, बहुधा बटाटा घातलेली. आणि बटाटा तरी स्पेनचा कुठला? तोही अमेरिकेतूनच आलेला. थोरला शब्द ‘तोर्ता’ तर त्याहून बिलंदर. मेक्सिकोत तोर्ता मागितला तर पाव चिरून आत भाजी-मांस भरून देतात, आपल्या वडापावाचा पाहुणाच म्हणा. दक्षिण अमेरिकेत कित्येक ठिकाणी तो वाढदिवसाचा केक. आणि स्पेनमध्ये कुणी रागावून ‘तोर्ता देतो’ म्हणाला, तर गालाला हात लावून पळावे. कारण तोर्ता म्हणजे थप्पडही.

हे शेवटचे मी पानावर सांगितले तेव्हा विहीणबाईंना हसू आवरेना. “मग आमचे धपाटे काय वेगळे?” त्या म्हणाल्या. “पाठीत घातला तर धपाटा, तव्यावर घातला तरी धपाटाच.” ज्वारी आणि बेसनाचे, थापून केलेले धपाटे म्हणजे मराठवाड्याच्या प्रवासाची शिदोरी. पुण्यातल्या मुलांना फक्त पहिला प्रकार माहीत असतो. चपातीचेही तसेच असावे. हिंदीत ‘चपत’ म्हणजे टपली, मराठीत चापट आहेच. भाकरी म्हणा, तोर्तिया म्हणा, धपाटा म्हणा, जगातल्या बायकांनी पीठ बडवूनच घरे पोसली आहेत.

मला चेव आला. म्हटले, चिलीत एक तोर्तिया अशी आहे की ती राखेतल्या निखाऱ्यांत पुरून भाजतात. “रोडगा!” व्याही कोपऱ्यातून एकदम बोलले. इतका वेळ ते गप्प होते. एकनाथांच्या भारुडामुळे रोडग्याचे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेले असते, पण शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला रोडगा, तूप आणि वांग्याची भाजी हे खायला इकडेच यावे. याला आधारही फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मांडे आहेत, ‘पोलिका’ आहे, आणि निखाऱ्यावरच्या पोळीला ‘अंगारपोलिका’ असे झोकदार नाव आहे. म्हणजे पोळी या शब्दाने तेव्हापासूनच एकाहून अधिक संसार थाटले होते. पुढे तर विचारूच नका. कोकणात आंब्याचा रस वाळवला की आंबापोळी, फणसाची फणसपोळी. तिला ना तवा ना लाटणे. गोव्यात ‘पोळो’ म्हणजे तांदळाचा डोशासारखा पदार्थ. कर्नाटकात होळिगे आणि तमिळनाडूत पोळी म्हटली की ती पुरणाचीच. म्हणजे त्या हिशेबाने बहुमत जालन्याच्या बाजूचे होते आणि पुणेकर एकटे पडले होते!

आमची ताटे विहीणबाईंनी केव्हा उचलून नेली ते कळलेच नाही. दुसरी आली. केळीची पाने, कुरडया, भजी, येळवण्याची आमटी, आणि मध्ये पोळी. जालन्याची पोळी. कडेपर्यंत पुरण भरलेली, मऊ, तुपाने चकाकणारी. हिला मधुमेहाची सुरुवात आहे. हिने दोन खाल्ल्या. तिसरी वाढायला विहीणबाई वाकल्या तेव्हा ही ताटावर हात आडवा धरून म्हणाली, “आता तोर्ता द्याल तरच घेईन.” त्या म्हणाल्या, “तो तर मी फोन ठेवला तेव्हाच देणार होते.” हे त्या हसून म्हणाल्या, पण त्यात थोडा तिखटपणाही होता, आणि तो असणे मला बरे वाटले. फारच गोड बोलल्या असत्या तर मला काळजी वाटली असती.

संध्याकाळी व्याह्यांबरोबर मोंढ्याकडे चक्कर मारली. ते इथल्या भाषांबद्दल सांगत होते. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होईपर्यंत हा मुलूख निजामाचा, कारभार उर्दूतला. त्यांचे वडील हिशेब मोडीत लिहीत, अर्ज उर्दूत करत आणि घरी मराठी बोलत. शेजारी मुसलमान घरांत ‘रोटी’, मारवाडी पेढीवर ‘फुलका’, यांच्याकडे ‘चपाती’. गहू बहुधा एकाच दुकानातला. “दुपारची सुट्टी झाली की सगळे डबे एकत्र उघडायचे,” ते म्हणाले. “काय म्हणायचे याच्यावरून भांडण झाल्याचे मला आठवत नाही. कुणी किती घेतली याच्यावरून व्हायचे.”

रात्री गच्चीवर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. खाली दोघी विहिणी डबे भरत होत्या, त्यांचे बोलणे वर ऐकू येत होते.

“तुला माहीत होते ना दोन्हीकडचे?” मी विचारले. “मग आईला आधी का नाही सांगितलेस?”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात मी इथे पोळी म्हणाले की सगळे गप्प व्हायचे. त्यांना वाटायचे, मी आईसारखे शिकवते आहे. मग मी चपाती म्हणायला लागले. पुण्याला आले की तुमच्यासमोर पोळी म्हणते. फोनवर त्या पोळ्या म्हणाल्या, आई भाकरी म्हणाली, दोन्ही मला कळले. पण कुणाची बाजू घेऊन कुणाला सांगू? ज्याला सांगेन त्याला वाटणार, ही त्यांची झाली.”

मला काही उत्तर सुचले नाही. मी विचारले, “आणि मनात काय म्हणतेस?”

“तेच हल्ली लक्षात येत नाही, बाबा,” ती म्हणाली आणि हसली. मग खालून हाक आली म्हणून उठून गेली. हाक सासूची होती की आईची, हे मी नीट ऐकले नव्हते. तिला मात्र कळले असावे.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. विहीणबाई स्थानकावर आल्या होत्या. डबा हिच्या हातात देताना त्यांनी दोनदा बजावले. गाडी नगरच्या अलीकडे थांबली तेव्हा शेजारच्या बाकावरच्या बाईंनी कुतूहलाने डब्यात डोकावून विचारले, “काय दिलंय लेकीनं?”

“विहिणीने दिलंय,” ही म्हणाली, आणि झाकण उघडून एकेक कप्पा दाखवू लागली. “हे धपाटे. या वरच्या चपात्या. आणि खाली पोळ्या आहेत. घ्या ना, पोळी घ्या.”